जांबचा मुहूर्त आणि फेम्टोसेकंद

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला जांब समर्थला गेलो होतो. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून तुम्हांला ठाऊक असेलच. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा होता. पारा बेचाळिसाच्या घरात, आणि मी मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभा, घामाने निथळत असलेला. मंगलाष्टके चालली होती. गुरुजींचे घड्याळ १२.३५ दाखवीत होते, नवऱ्या मुलाच्या काकांचे १२.४१, आणि बँडवाल्यांना दोहोंचेही सोयरसुतक नव्हते. शेवटी कुणीतरी हात वर केला, ‘सावधान’ झाले, अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या.

पंगतीत नवरीची धाकटी बहीण माझ्याशेजारी येऊन बसली. ती नववीत आहे. म्हणाली, “मामा, मुहूर्त बारा सदतीसचा होता ना? मग बारा सदतीस नक्की कधी झाले?”

मी तिला म्हटले, प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची वेळ. जांब साधारण शहात्तर अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे जांबचा खरा मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर सरासरी पंचवीस-सव्वीस मिनिटांनी होतो. पूर्वी लग्नघरी घड्याळ नसे, घटिकापात्र असे. पाण्याच्या गंगाळात तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे सोडायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटे. घटकेचे साठ भाग केले की पळ, पळाचे साठ भाग केले की विपळ.

तिने बोटांवर हिशेब केला. पळ म्हणजे २४ सेकंद, विपळ म्हणजे ०.४ सेकंद. डोळ्याची पापणी लवायला साधारण एवढाच वेळ लागतो. मग जिलेबी बाजूला सारून तिने दुसरा प्रश्न टाकला. “याच्याहून लहान वेळ कुणी मोजतं का? आणि मोजून करायचं काय?”

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंगतीत देता आले नाही, कारण मठ्ठा आला. ते येथे देतो आहे. उत्तर देता देता माझे एक मतही सांगणार आहे, आणि ते तुमच्या गुरुजनांनी वाचावे अशी इच्छा आहे.

आधी साठाने भागण्याचा तो उद्योग पुढे चालवू. वही घ्या. घटकेला एकदा साठाने भागले की पळ, दोनदा भागले की विपळ. पाचव्या भागाकाराला आपण सुमारे १.८५ मायक्रोसेकंदांवर येतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. सहाव्याला ३१ नॅनोसेकंद, आठव्याला सुमारे ८.६ पिकोसेकंद, नवव्याला १४३ फेम्टोसेकंद आणि दहाव्याला जेमतेम २.४ फेम्टोसेकंद. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केले तर त्यातला एक. आकड्यांनी डोके गरगरत असेल तर प्रकाशाला विचारा. प्रकाश सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. तोच आठव्या भागाकाराच्या काळात अडीच मिलिमीटर जातो, आणि नवव्याच्या काळात तुमच्या डोक्याच्या केसाच्या जाडीइतकाही जात नाही.

आज असे लेसर आहेत की ज्यांच्या प्रकाशाचा एकेक ठोका, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत स्पंद, एवढाच काळ टिकतो. हे स्पंद तीव्र करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली शोधली. तेव्हा स्ट्रिकलंड विद्यार्थिनी होत्या. नोबेल पारितोषिक मिळाले २०१८ साली. फेम्टोसेकंदाच्याही खाली, त्याच्या हजाराव्या भागात उतरणाऱ्या अ‍ॅटोसेकंद स्पंदांसाठी २०२३ चे नोबेल दिले गेले. त्यातल्या अ‍ॅन लुइलिए यांना पारितोषिकाचा फोन आला तेव्हा त्यांचा विद्यापीठात तास चालू होता. बातमी ऐकून त्या वर्गात परतल्या आणि उरलेला भाग शिकवून संपवला. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

परंतु एवढा काळ मोजणार कोण? कोणतेही घड्याळ इतके चपळ नाही. येथे युक्ती करावी लागते, आणि त्या युक्तीचा नमुना तुमच्या घरी असू शकतो. चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. तिच्या उजेडात एखादी पांढरी काडी जोराने हलवा. काडीचा सलग पट्टा न दिसता सुट्या सुट्या अनेक काड्या दिसतील. काही स्वस्त एलईडी दिव्यांखालीही हा प्रयोग साधतो. तुमचा डोळा मुळीच जलद झालेला नाही. जलद आहे तो उजेड. दिवा लुकलुकतो आणि तेवढ्या क्षणाची काडी तुम्हांला दाखवतो.

फेम्टोसेकंदांच्या प्रयोगात हेच करतात, फक्त दोन लुकलुकी वापरून. पहिला स्पंद अणूला धक्का देऊन जागा करतो. दुसरा थोड्या वेळाने येऊन विचारतो, आता कसा आहेस? दोघांमधला ‘थोडा वेळ’ ठरवण्यासाठी घड्याळ लागतच नाही. दुसऱ्या स्पंदाला एका आरशावरून वळवून लांबच्या वाटेने आणायचे. आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाला जाऊन-येऊन ३० मायक्रोमीटर जास्त चालावे लागते, आणि तो १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. वेळ मोजायची होती, मोजले ते अंतर! आरसा थोडा थोडा सरकवत हजारो वेळा हाच प्रयोग केला की अणूच्या पोटात चाललेल्या हालचालीचा जणू चित्रपट तयार होतो. मला स्वतःला या सबंध विषयात याहून देखणी कल्पना आढळलेली नाही. तिला एक भूमिती आणि एक भागाकार एवढेच लागते, आणि दोन्ही तुमच्या अभ्यासक्रमात आहेत.

अणूने उत्तर दिले हे कळते ते त्याच्या रंगांवरून. कोणत्या रंगाचा प्रकाश अणूने गिळला, कोणत्या रंगाचा बाहेर टाकला, हे पाहण्याच्या शास्त्राला वर्णपटशास्त्र म्हणतात. महाराष्ट्रात हे शास्त्र काल आलेले नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर या गावी आपली उपकरणे मांडली होती. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. खग्रास अवस्था अवघी दोनेक मिनिटे टिकली. सूर्यबिंब झाकले जाते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा अचानक झळझळीत होतात आणि काही सेकंदांत मावळतात. ती झळक पकडायला ही मंडळी आली होती. त्या काळचे ते अतिजलद वर्णपटशास्त्रच म्हणा ना.

ओघाने एक गैरसमज दूर करतो. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर १८६८ साली लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे अनेकदा छापून येते. १८६८ च्या ऑगस्टमधले ग्रहण जान्सन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते, आणि ती पिवळी रेषा त्यांनी ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. ते विजयदुर्गाला आले खरे, पण तीस वर्षांनी, जेऊरच्याच ग्रहणाला. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन ही दंतकथा बनली आहे. आपल्या किल्ल्याचा मान कमी होतो म्हणून चूक तशीच ठेवावी, या मताचा मी नाही.

आता थंडीकडे वळू. बेचाळीस अंशांच्या उन्हात जांबला घरोघरी माठ होते. माठातले पाणी गार कसे होते हे तुम्ही शिकला आहात. पाण्याच्या रेणूंपैकी जे सर्वांत चपळ, ते पाझरून आलेल्या ओलाव्यातून वाफ होऊन निघून जातात. उरलेल्यांची सरासरी चपळाई कमी होते, म्हणजेच तापमान उतरते. जगातले सर्वांत थंड पदार्थ शेवटच्या टप्प्यात याच रीतीने थंड करतात. प्रयोगशाळेतला माठ लोहचुंबकाचा किंवा प्रकाशाचा असतो, एवढाच फरक.

पहिला टप्पा मात्र नवलाचा आहे. तेथे लेसरने थंड करतात. होय, लेसरने! रुबिडियम नावाच्या धातूची अगदी विरळ वाफ घ्या. साध्या खोलीतल्या तापमानाला तिचे अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावत असतात. समोरून विशिष्ट रंगाच्या लेसरचा झोत सोडला की प्रकाशाचा एकेक कण अणूवर आदळतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे सहा मिलिमीटरने कमी करतो. धावत्या बैलाला फुले फेकून थांबवण्याचा हा प्रकार आहे. पण फुले सुमारे पन्नास हजार असली, आणि सगळी समोरूनच आली, तर बैल थांबतो. रंग असा निवडतात की झोताच्या दिशेने येणाऱ्या अणूलाच तो लागू पडावा आणि पळणाऱ्याला लागू पडू नये. आगगाडी जवळ येताना तिच्या शिटीचा स्वर चढा वाटतो ना, त्याच तत्त्वावर हे चालते. सहा बाजूंनी असे झोत सोडले की अणूंचा ढग जागच्या जागी थबकतो. या युक्तीला १९९७ चे नोबेल मिळाले.

त्यानंतर माठाची रीत. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये कॉर्नेल आणि वायमन यांनी सुमारे दोन हजार रुबिडियम अणू निरपेक्ष शून्याच्या वर, अंशाच्या १७० अब्जांशांपर्यंत थंड केले. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. या अवस्थेत अणूंचा वेग मुंगीच्या चालीवर येतो आणि सगळे अणू एकाच लाटेसारखे वागू लागतात. ही अवस्था असू शकते हे १९२४ साली वर्तवले गेले होते, आणि त्याचा पाया घातला होता ढाक्याच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी. कागदावरून प्रयोगात यायला ७१ वर्षे लागली. ज्यांना उद्याच्या उद्या उपयोग हवा असतो त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्याकडे असे अतिशीत अणू कुठे पाहायला मिळतील? मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीत अणूंवर काम झाले आहे, आणि फेम्टोसेकंदांच्या अतितीव्र लेसरची प्रयोगशाळाही त्याच संस्थेत आहे. पुण्याला पाषाण येथे २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये, डॉ. उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत रुबिडियमचे अतिशीत अणू वापरले जातात. जांबहून पुणे तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. बेचाळीस अंशांच्या मंडपापासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर, आंतरतारकीय अवकाशाहून कितीतरी थंड अशी जागा आहे.

पुण्याचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला पुनःपुन्हा धक्के देत गेले, आणि धक्क्यांची लय जमो वा न जमो, तर त्याची हालचाल एकूणात वाढत जाईल अशी आपली अटकळ असते. थंड अणूंना प्रकाशाचे असे नियमित ठोके दिले तर पुंजभौतिकीच्या नियमांमुळे काही ठोक्यांनंतर त्यांची ऊर्जा वाढायची थांबते! हा नाजूक परिणाम गोंगाटाने मोडतो. डॉ. रापोल, डॉ. संथानम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुद्दामच मधले काही ठोके अनियमितपणे गाळले आणि हा परिणाम कसा मोडत जातो ते पाहिले. तो नेहमीच्या अपेक्षेपेक्षा सावकाश मोडतो, असे त्यांना आढळले. हे संशोधन २०१७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आले. यात फेम्टोसेकंदांचे स्पंद नव्हते. परंतु गोंगाट हाच अभ्यासाचा विषय केला, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता भाचीच्या प्रश्नाला खरी धार येते. अणू मुंगीच्या चालीने चालला आहे. मग त्याला पाहायला फेम्टोसेकंदांचा दिवा कशाला? बैलगाडीचा फोटो काढायला बंदुकीच्या गोळीचा कॅमेरा? एक हिशेब करा. सेकंदाला पाच मिलिमीटर चालणारा अणू दहा पिकोसेकंदांत सरकतो तो साधारण पाच अणुकेंद्रके ओळीत ठेवली तर होईल एवढाच. अणूच्या मानाने तो जागचा हललाच नाही. शिवाय दुसरी अडचण अशी की स्पंद जितका आखूड तितके त्यात रंग अधिक. तंबोऱ्याची तार बराच वेळ झंकारते म्हणून तिचा स्वर ओळखता येतो. टाळी क्षणात संपते, तिला स्वर नसतो. अतिशीत अणूंचे मोल तर त्यांच्या नेमक्या रंगांसाठी. अशा अणूंपुढे टाळ्या वाजवायच्या?

जपानमधल्या ओकाझाकी येथील रेणवीय विज्ञान संस्थेत केंजी ओमोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली याचे उत्तर प्रयोगाने दिले. त्यांनी प्रकाशाच्या चिमटीत रुबिडियमचे दोनच अणू धरले, जवळजवळ निश्चल होईपर्यंत थंड केले आणि दोन-अडीच मायक्रोमीटर अंतरावर ठेवले. मग दहा पिकोसेकंदांच्या स्पंदांनी दोघांच्याही बाहेरच्या इलेक्ट्रॉनला खूप मोठ्या कक्षेत उडवले. असे अणू नेहमीच्या शेकडो पट फुगतात आणि दुरूनही एकमेकांना ओढाताण करतात. दोघांमध्ये ऊर्जेची देवघेव झाली आणि ती साडेसहा नॅनोसेकंदांत पुरी झाली.

यात थंडी का हवी? ही ओढाताण अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले तर ती एक अष्टमांश होते. अणू जागच्या जागी थोडे थरथरले तरी देवघेवीचा वेळ दर खेपेला वेगळा येईल आणि हजार खेपांची सरासरी काढली की हाती धूसर डाग राहील. थंडी अंतर पक्के करते. आणि स्पंद आखूड का हवा? चेंडू किती वेळात जमिनीवर पडतो हे मोजताना तो हातातून सोडायलाच तितका वेळ लागला तर मोजणार काय? साडेसहा नॅनोसेकंदांच्या घटनेची सुरुवात तिच्या मानाने एका ठिणगीत व्हायला हवी. शिवाय संथपणे, नेमक्या एका रंगाने प्रयत्न केला असता तर पहिला अणू फुगल्याबरोबर दुसऱ्याचा रंग बदलला असता आणि तो अडून बसला असता. अनेक रंगांची टाळी दोघांनाही एकदम उठवते. म्हणजे जो दोष वाटत होता तोच कामी आला. अणू सावकाश चालतो हे खरे. पण त्याच्या पोटातला इलेक्ट्रॉन कितीही थंडीत सावकाश होत नाही, आणि प्रश्न विचारायचा आहे तो त्याला.

या प्रयोगाची बातमी ‘अतिजलद पुंज-संगणक आला’ अशा थाटात सांगितली जाते. मला तो थाट पसंत नाही. असा उपयुक्त संगणक अजून पुष्कळ दूर आहे. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात आपल्या मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली. तिथे लेसरने चार किलोमीटरच्या नळीतला, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान फरक मोजायचा आहे. तुमच्या घरचे विचारतील की गावाला टँकर येतो आणि हे कोटी तिकडे का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खोटे उत्तर देऊ नये. अतिशीत ढगाने जांबच्या विहिरीला पाणी लागणार नाही. जे तसे सुचवतात ते विज्ञानाचे नुकसान करतात, कारण आश्वासन फसले की लोकांचा विश्वास उडतो. मी एवढेच म्हणेन की मोजमापाची अचूकता ही अशी वस्तू आहे की ती आधी येते आणि तिचे गिऱ्हाईक मागाहून. आज सेकंदाची व्याख्या सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवरून केलेली आहे. सर्वांत अचूक सिझियम घड्याळांत अणू लेसरने थंड करून वापरतात, कारण उष्णतेने अणू धावतो आणि त्याची आंदोलने चळतात. रस्ता दाखवणारा मोबाइल अणुघड्याळांवाचून चालत नाही. पण सिझियमवर पहिले काम करणाऱ्यांनी मोबाइल स्वप्नातही पाहिला नव्हता.

माझी तक्रार कोटींबद्दल नाही. ती एका कपाटाबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत बोलायला गेलो होतो. शाळेचे नाव आणि गाव सांगत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेत काचेचे कपाट होते, त्यात सहा तापमापके आणि दोन स्टॉपवॉच. कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे. शिक्षक बिचारे म्हणाले, फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहू? त्या भीतीने मुलांच्या हाती कधी काही पडलेच नव्हते. प्रयोगवह्या मात्र सुबक होत्या. प्रत्येक आलेखातला प्रत्येक बिंदू सरळ रेषेवर! पाण्याच्या थंड होण्याचा आलेखसुद्धा एकाने पट्टीने ओढला होता. मी एका मुलाला विचारले, एखादा बिंदू बाहेर पडला नाही का? तो खालच्या आवाजात म्हणाला, “पडला असता, पण गुण जातात.”

मित्रांनो, हे मला फुटलेल्या तापमापकाहून पुष्कळ महाग वाटते. पुण्याच्या प्रयोगात गोंगाटच मोजला होता. तुमच्या वहीत तो खोडरबराने पुसला जातो. ओकाझाकीच्या मंडळींनी रेषेवर न बसणारे बिंदू पुसले असते तर त्यांना अणूंची थरथर कधीच कळली नसती. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने वर्षाच्या आरंभी मोडतोडीसाठी एक रक्कम ठरवावी आणि ती खर्च झाली नाही तर प्रयोग का झाले नाहीत, याचा जाब विचारावा. पाऱ्याऐवजी अल्कोहोलची तापमापके घ्यावीत, म्हणजे फुटण्याचा धोका पैशापुरता राहील. प्रयोगवहीतल्या प्रत्येक वाचनासमोर ते किती खेपांचे आहे आणि किती चळते, ते लिहायला लावावे. रेषेबाहेरचा बिंदू ठेवणाऱ्याला अर्धा गुण जास्त द्यावा, निदान कापू तरी नये. स्टॉपवॉच आता घरोघरच्या मोबाइलमध्ये आहे, तेव्हा ते नाही ही सबब चालणार नाही. खेळण्यातल्या लेसरचा झोत मात्र कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. तेथे माझा उदारपणा संपतो.

कुणी म्हणेल, अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही. मी स्वतः काही वर्षे शिकवले आहे, ही अडचण खोटी नाही. पण तापमान आणि काळ या दोन राशी मुलाने एकदा स्वतः, वैताग येईपर्यंत मोजल्या की पुढची कितीतरी पाने आपोआप हलकी होतात. उलट क्रमाने गेले तर फेम्टोसेकंद म्हणजे परीक्षेत लिहायची आणखी एक व्याख्या.

पावसाळ्याच्या तोंडावर जांबहून भाचीचा फोन आला. तिने एका जुन्या स्टीलच्या वाटीला लोहाराकडून बारीक भोक पाडून घेतले होते आणि बादलीत घटिकापात्र चालवले होते. घटका काही झाली नाही. वाटी तीन मिनिटांतच बुडते. “पण मामा,” ती म्हणाली, “सकाळी तीन मिनिटं बारा सेकंद लागतात आणि दुपारी तीन मिनिटं चार. दहा दहा वेळा केलं. सकाळचं कधी कधी दुपारइतकं येतं, पण सरासरी काढली की फरक राहतोच. सकाळी पाणी गार असतं म्हणून असेल का? की वाटी वाळलेली असते म्हणून? की माझाच हात दुपारी घाई करतो?”

मी विचारले, रेषेबाहेरची वाचने ठेवली आहेस की खोडलीस?

“ठेवलीत. आईचा तापाचा थर्मामीटर घेऊ का पाण्यात बुडवायला?”

तो पस्तीस अंशांच्या खाली वाचत नाही, असे मी तिला सांगितले, आणि पोस्टाने एक अल्कोहोलचे तापमापक पाठवून दिले. सकाळी थोडे कोमट पाणी मिसळून ते दुपारच्या तापमानाला आण, दुपारी माठातले मिसळून ते सकाळच्या तापमानाला आण, वाटी दर खेपेला पुसून घे, आणि स्टॉपवॉच निम्म्या खेपांना धाकट्या भावाच्या हातात दे, असेही कळवले. अजून तिचे आकडे आलेले नाहीत.